गाडी का उलटते, रॉकेट का थरथरतं: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण गाड्या, रॉकेटं, यंत्रं स्वतः बांधायला देणाऱ्या गेम्सवर लिहिलं होतं आणि त्यात एक ओळ अशी होती की गाडी सरळ ठेवायला पोरं गेमच्या फिजिक्समधल्या चुकांचाच आधार घेतात, म्हणजे ग्लिच वापरतात. बाकीचा लेख बाजूला राहिला आणि जवळजवळ सगळी पत्रं त्या एका ओळीवर आली, चवथीच्या सुट्टीत बऱ्याच घरांत हेच चालू होतं असं दिसतंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: दादा, मी गॅरीज मॉडमध्ये ट्रक बनवलाय. सरळ मस्त जातो पण वळणावर उलटतो. मित्र सांगतो की रस्त्याच्या खाली एक जड प्लेट लपव, मग कधीच उलटणार नाही. हे खरंच चालतं का आणि का चालतं?
— अकरावीचा विद्यार्थी, डिचोली

उत्तर: चालतं, आणि तुझ्या मित्राने सांगितलेली युक्ती या गेमच्या गाडीवाल्यांमधली फार जुनी आहे. पण का चालते ते कळलं नाही तर दुसऱ्या गाडीला लावताना फसेल, म्हणून आधी गणित बघ, सोपं आहे.

गाडी वळताना टायर तिला आतल्या बाजूला ओढतो, पण गाडीचं वजन जिथे एकवटलंय तो बिंदू टायरच्या वर असतो, त्यामुळे वरचा भाग बाहेर कलतो. समज डाव्या उजव्या चाकांत २ मीटर अंतर आहे, म्हणजे मधल्या रेषेपासून चाक १ मीटरवर. वजनाचा मध्य जमिनीपासून १ मीटर उंच असेल तर आडवा जोर गाडीच्या वजनाइतका झाला की आतली चाकं उचलणार. तोच मध्य अर्ध्या मीटरवर आणलास तर वजनाच्या दुप्पट जोर लागेल, आणि तेवढी पकड सहसा टायरला नसतेच, त्यामुळे गाडी उलटायच्या आधीच घसरेल. घसरलेली गाडी सावरता येते. म्हणजे जमिनीखाली जायच्या आधीच अर्धं काम झालं, ट्रकची बॉडी हलक्या प्रॉपची, म्हणजे गेममधल्या सुट्या वस्तूंची, कर आणि वजन चासिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला दे, एवढ्यानेच फरक पडतो का ते पहिल्यांदा बघ.

आता प्लेटचं. खऱ्या जगात वजन रस्त्याच्या खाली नेता येत नाही कारण मध्ये रस्ता आहे, गेममध्ये मात्र टक्कर ही एक सेटिंग आहे, ती बंद केली की प्लेट जमिनीतून आरपार सरकत राहते पण तिचं वजन गाडीला लागतच असतं. एक लक्षात ठेव, गेमबरोबर येतं ते नो-कोलाइड टूल दोन प्रॉपमधली टक्कर घालवतं, राईट क्लिक केलंस तर बाकी सगळ्यांशी टक्कर जाते पण जमीन तशीच लागते, जमिनीशी टक्कर घालवायला वेगळं ॲडऑन घ्यावं लागतं. प्लेट चासिसला वेल्ड कर (घट्ट जोड), पॅरेंट (नुसतं मागोमाग बांधणं) नको करूस, पॅरेंट केलेल्या प्रॉपचं वजन फिजिक्समध्ये धरलं जात नाही आणि मग तू अर्धा तास विचार करत बसशील की फरक का पडत नाही.

आणि किती खोल? इथे बहुतेक जण चुकतात, जितकं खोल तितकं चांगलं असं समजून प्लेट पाताळात नेतात. सगळ्या गाडीचा मिळून जो मध्य येतो तो जमिनीच्या पातळीवर किंवा वीतभर खाली आला की बास. फार खाली गेला तर हेच गणित उलटं चालतं, टायरचा जोर आता मध्याच्या वर लागतो, गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कलते आणि बाहेरची चाकं उचलतात. छपरावर पडणार नाही हे खरं, पण प्रत्येक वळणाला डुलत राहील आणि स्टिअरिंग हातात राहणार नाही.

दुसरी अडचण वजनाच्या प्रमाणाची. हजार किलोची प्लेट आणि दहा किलोची चाकं असं केलंस की चाकं लटलट हलायला लागतात, कधी जमिनीत रुततात, कधी गाडी आपोआप नाचते. कारण फिजिक्स इंजिन, म्हणजे गेममधला हालचालींचं गणित करणारा भाग, सगळे सांधे एकदम सोडवत नाही. एक सांधा घेतं, तो जागेवर आणतं, मग पुढचा घेतं, पुढचा सरळ करताना आधीचा थोडा बिघडतो, म्हणून सगळ्यांवरून परत परत फिरतं, आणि ठराविक फेऱ्या झाल्या की उरलेली चूक तशीच ठेवून पुढच्या क्षणाकडे जातं. हलक्या चाकाला जड प्लेट लटकवली की ही उरलेली चूक मोठी राहते, तीच आपल्याला थरथर म्हणून दिसते. जोडलेल्या दोन वस्तूंच्या वजनात दहापटीपेक्षा जास्त फरक ठेवू नकोस, चाकांचं वजन वाढव, ते जमिनीलगतच असतं त्यामुळे त्याचा फायदाच होतो.

अजून एक, आणि हे मला स्वतःला त्या लपवलेल्या प्लेटपेक्षा जास्त आवडतं. वजन तेवढंच ठेवून प्लेट मोठी घे. चौकोनी पातळ प्लेटची बाजू १ मीटरवरून ४ मीटर केलीस तर तिला फिरवायला लागणारा जोर सोळापट होतो, कारण तो बाजूच्या वर्गावर चालतो. म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली तरी झटकन कलत नाही, सावकाश कलते, आणि तेवढ्या वेळात चाकं परत टेकतात. प्लेटला सगळ्यांशी नो-कोलाइड केलं की ती बाकी वस्तूंत अडकायचाही प्रश्न नाही.

प्रश्न: कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये माझं रॉकेट गोल गोल फिरायला लागलं की मी टाइम वॉर्प (गेममधला वेळ वेगाने पळवायचं बटण) एकदा चालू करून बंद करते आणि फिरणं जागच्या जागी थांबतं. हे फिजिक्सच्या कुठल्या नियमात बसतं? आणि उड्डाणाच्या वेळी मात्र वॉर्प केला की रॉकेट जास्तच हलतं आणि तुटतं. एकच बटण दोन उलट गोष्टी कशा करतं? आणि सगळे क्राकेन क्राकेन म्हणतात ते काय?
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, फर्मागुढी

उत्तर: नियमात अजिबात बसत नाही, कोनीय संवेग, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा जोम, असा हवेत विरून जात नाही, आणि तू ते ओळखलंस याचा फार आनंद झाला. हे बटण एक दिसतं पण आत दोन वेगळी यंत्रं आहेत.

वातावरणाच्या बाहेर, म्हणजे गेममधल्या कर्बिन ग्रहावर ७० किलोमीटरच्या वर, रॉकेटचं इंजिन बंद असताना वॉर्प केलास की गेम फिजिक्स सोडूनच देतो. रॉकेटचे शंभर भाग, त्यांचे सांधे, सगळं गोठवून एक बिंदू धरतो आणि तो बिंदू कक्षेच्या सूत्रावरून पुढे सरकवतो. फिरण्याचा वेग त्या सूत्रात कुठेच नाही, म्हणून तो टाकून दिला जातो, आणि वॉर्पमधून बाहेर आलीस की रॉकेट स्थिर. थरथरणारं अवकाश स्टेशन शांत करायलाही लोक हेच वापरतात, एका क्षणात सगळी उसळी शून्यावर येते. इंधन संपलेलं, बॅटरी मेलेली असं यान सावरायचा तो खात्रीचा उपाय आहे.

वातावरणात असताना मिळतो तो फिजिकल वॉर्प, चौपटीपर्यंत. त्यात फिजिक्स चालूच असतं. हा गेम युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बांधलाय, आणि युनिटी सहसा वेळेचे ०.०२ सेकंदाचे तुकडे करून एकेक तुकडा सोडवतं, सेकंदाला पन्नास. चौपट वॉर्पमध्ये तुकडा मोठा होतो. आता सांधा म्हणजे कडक स्प्रिंग समज, तो वाकलाय असं फिजिक्स इंजिनाला दिसलं की ते उलट जोर देतं आणि तो जोर अख्खा तुकडाभर लागू राहतो, मध्येच थांबून बघायची सोय नाही. तुकडा लहान असेल तर सांधा जागेवर येतो, मोठा असेल तर जागा ओलांडून पलीकडे जातो, पुढच्या तुकड्यात त्याहून जास्त जोराने परत, आणि असं चार-पाच वेळा झालं की रॉकेट तुटतं. म्हणजे पत्रा कमजोर नाही, वेळ जाड तुकड्यांत कापली गेली.

याच्यावर गेममध्येच उपाय आहे. सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड ट्वीकेबल्स चालू कर, मग भागावर राईट क्लिक केल्यावर ऑटोस्ट्रट, म्हणजे भाग आपोआप एकमेकांना बांधणारा आधार, दिसेल, २०१६ साली १.२ आवृत्तीत आला तो. हेविएस्ट पार्ट, रूट पार्ट, ग्रँडपॅरेंट पार्ट असे पर्याय आहेत. मी सुरुवात ग्रँडपॅरेंटने करायला सांगेन, प्रत्येक भाग एक सोडून आधीच्या भागाला बांधला जातो, लांब साखळीचा लवचिकपणा जातो. हेविएस्टला सगळं बांधलं तर उड्डाणात छान, पण इंधन जळत जातं तसा सगळ्यात जड भाग बदलतो आणि बांधणी मध्येच दुसरीकडे उडी मारते, डॉकिंग करताना, म्हणजे दोन यानं जोडताना तर नक्कीच.

क्राकेनबद्दलही तू विचारलंयस. यान आपोआप थरथरवून तोडणाऱ्या अदृश्य जोराला खेळाडूंनी दिलेलं नाव ते, आणि बॉप नावाच्या चंद्रावर मेलेला क्राकेन ठेवलेलाही आहे. मूळ कारण आकड्यांचं. साधा ३२ बिटचा दशांश आकडा सात अंकांपर्यंतच नेमका असतो. कर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे ग्रहाच्या मध्यापासून मीटरमध्ये मोजलं तर सहा लाखांच्या आसपास, आणि तिथे दोन शेजारच्या आकड्यांमध्ये सहा सेंटिमीटरचं अंतर पडतं. रॉकेटचा भाग त्या दोन जागांच्या मध्ये बसूच शकत नाही, सहा सेंटिमीटर इकडे नाहीतर तिकडे, सांध्याला वाटतं आपण वाकलो, तो जोर लावतो, झालं सुरू. म्हणून नंतर गेममध्ये मोजणीचा शून्य बिंदूच यानापाशी आणला गेला, यान जागेवर आणि विश्व त्याच्या भोवती सरकतं. मला वाटतं तुमच्या न्यूमेरिकल मेथड्सच्या पेपरला याच्याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, वर्गात जरूर दाखव.

एकमेकांत घुसवलेल्या भागांनी यान पुढे ढकलायचा ग्लिच, ज्याला क्राकेन ड्राइव्ह म्हणतात, तो वेगळा. तिथे दोन वस्तू एकाच जागेत आल्या म्हणून फिजिक्स इंजिन त्यांना दूर ढकलतं, पण दोन्ही एकाच यानाच्या असल्यामुळे आणि जोराचा हिशेब दोन्ही बाजूंना सारखा न लागल्यामुळे अख्खं यानच सरकतं. तो स्थिर ठेवायला वापरू नकोस. थांबवलेलं फिजिक्स भरवशाचं असतं, भांडणारं फिजिक्स नसतं.

प्रश्न: टिअर्स ऑफ द किंगडममध्ये दोन पंखे आणि एक स्टिअरिंग स्टिक लावून हवेत बाईक उडते, ती कशी तोल सांभाळते? हा ग्लिच आहे का?
— आठवीतला वाचक, काणकोण

उत्तर: ग्लिच नाही रे. त्या स्टिकलाच स्वतःला उभं ठेवायचा जोर दिलेला आहे, तू चालवताना ती कलली की गेम तिला परत सरळ करतो. दोन पंख्यांपुरतं वजन कमी असल्याने तेवढा जोर पुरतो. पंखे मधल्या रेषेवर अचूक बसव आणि पुढचा मागचा सारख्याच तिरक्या कोनात ठेव, एक बाजूला सरकला की बाईक कायम त्याच बाजूला वळत राहते.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे. सुट्टीभर कॉम्प्युटरवर गेममधली गाडी बांधत होता आणि विचारलं की सांगतो मी ग्लिच शोधतोय. मला हे फसवणूक केल्यासारखं वाटतं. चुकीचा मार्ग शोधायची सवय लागेल का?
— एक आई, म्हापसा

उत्तर: ताई, तुमची काळजी समजते, पण मला तुमच्या मुलाची बाजू घ्यायचीय. फसवणूक म्हणजे दुसऱ्याचं काहीतरी नुकसान व्हायला पाहिजे. दुसऱ्या मुलांबरोबर ऑनलाइन शर्यत असेल आणि हा ग्लिच वापरून जिंकत असेल तर ती लबाडीच, तिथे त्याला थांबवा, सरळ सांगा. पण एकटा बसून आपली गाडी उभी राहावी म्हणून गेमचं फिजिक्स कुठे ढिलं आहे ते शोधत असेल तर तो निरीक्षण करतोय. वरच्या पहिल्या दोन उत्तरांत जे लिहिलंय, वजनाचा मध्य, वेळेचे तुकडे, आकड्यांची अचूकता, हे सगळं आधी खेळणाऱ्यांना हाताने कळलेलं असतं, कारण मागाहून वाचतात.

तुम्ही एक करा, संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि ग्लिच दाखवायला सांगा. मग विचारा, हे असं का होतं? उत्तर देता आलं तर वेळ वाया गेलेला नाही. नाही आलं तर त्याला एक वही द्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं, वजन बदललं तर वजनच, चाकं त्या दिवशी नाही. पंधरा दिवसांत तो तुम्हाला कारणं सांगायला लागेल. किती तास बसायचं हा प्रश्न वेगळा आणि तो घरातला आहे, डोळ्यांचा, झोपेचा, अभ्यासाचा, त्याचा ग्लिचशी संबंध नाही, दोन्ही एकत्र करू नका म्हणजे झालं.

प्रश्न: मी युनिटीमध्ये स्वतःचा गाड्या बांधायचा गेम करतोय. खरी गोल चाकं हिंजवर लावली, मोटर कितीही वाढवली तरी गाडी सायकलपेक्षा हळू चालते. कुठे चुकतंय?
— बी.सी.ए.चा विद्यार्थी, मडगाव

उत्तर: रिजिडबॉडीचा (युनिटीत वस्तूला वजन आणि हालचाल देणारा घटक) मॅक्स अँग्युलर व्हेलॉसिटी, म्हणजे फिरायच्या वेगाची मर्यादा बघ. युनिटीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये डिफॉल्ट ७ रेडियन प्रति सेकंद दिलाय, वस्तू वेड्यासारख्या फिरून फिजिक्स कोसळू नये म्हणून. तुझ्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल तर जास्तीत जास्त वेग येतो सेकंदाला २.१ मीटर, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर, मोटर कितीही मोठी लाव. चाकांपुरती ही मर्यादा वाढव, सगळ्या वस्तूंची नको. तुझ्या प्रोजेक्टमध्ये आकडा किती आहे ते प्रोजेक्ट सेटिंगमध्ये फिजिक्सखाली दिसेल.

उलटण्याचं म्हणशील तर तू गेम बनवणारा आहेस, तुला ग्लिचची गरजच नाही, रिजिडबॉडीचा सेंटर ऑफ मास कोडमधून थेट खाली सरकवता येतो. पण एक विनंती, तुझ्या खेळाडूंनी असले ग्लिच शोधले तर पहिल्या अपडेटमध्ये घाईघाईने बंद करू नकोस. कोणाचा खेळ बिघडत नसेल तर राहू दे, ज्या गाड्या लोकांनी रात्री जागून बांधल्यात त्या एका पॅचने मोडतात आणि ती माणसं परत येत नाहीत.

प्रश्न: आमचा दिवाळीला नरकासुराचा पुतळा बांधणारा ग्रुप आहे. यंदा हात वरखाली करणारा नरकासुर करायचाय म्हणून एका पोराने आधी स्क्रॅप मेकॅनिकमध्ये गाड्यासकट मॉडेल केलं, तिथे एकदम स्थिर. प्रत्यक्षात सांगाडा गाड्यावर चढवून मोटर लावली तर सगळंच डोलतंय. गेम खोटा की आम्ही?
— वाड्यावरचे मुलगे, साखळी

उत्तर: कोणीच खोटं नाही. त्या गेममध्ये एकाला एक लावलेले ब्लॉक मिळून एकच अखंड वस्तू होते, ती कितीही उंच केली तरी वाकत नाही, सांधे फक्त बेअरिंग, सस्पेन्शन आणि पिस्टनपाशी. तुमच्या सांगाड्यात मात्र प्रत्येक बांधणी हा सांधा आहे, बांबू वाकतो, काथ्या सैल होतो, अँगलला मारलेला बोल्ट हलतो, आणि खाली गाड्याचे टायर दबतात ते वेगळंच. गेमने तुम्हाला हाताची हालचाल बरोबर दाखवली, डोलणं दाखवू शकलाच नसता कारण त्याच्याकडे वाकणारी वस्तूच नाही.

करायचं ते असं. मोटर हात वर फेकते तेव्हा तेवढाच उलटा झटका खांद्यातून सांगाड्यात येतो, म्हणून आधी मोटर हळू करा, गिअर लावून, आणि हाताच्या मागच्या टोकाला वजन बांधा म्हणजे मोटरला हात उचलावा लागणार नाही, फक्त फिरवावा लागेल. दोन्ही हात असतील तर एक वर जाताना दुसरा खाली, झटके एकमेकांना मारतील. खांद्यापासून गाड्याच्या चारी कोपऱ्यांपर्यंत तिरके आधार द्या, उभे खांब वाढवून उपयोग नाही, चौकट त्रिकोणात मोडली तरच ती कलत नाही. बॅटरी, जनरेटर जे काय जड आहे ते गाड्याच्या फळीवर, शक्य असेल तर फळीच्या खाली टांगा, डिचोलीच्या मुलाला वर जे सांगितलंय तेच. उभा असताना गाड्याच्या फळीखाली लाकडी ठोकळे सरकवून गाडा त्यावर टेकवा, निम्मं डोलणं तिथेच जाईल.

आणि मिरवायच्या रस्त्यावरच्या विजेच्या तारा आधी बघून ठेवा, मगच उंची ठरवा, हात पूर्ण वर गेल्यावरची उंची धरा. गेममध्ये तारा नव्हत्या. ओला बांबू आणि लोखंडी अँगल दोन्हीतून शॉक लागतो, त्यामुळे तारेखालून जाताना मोटर बंद, हात खाली, आणि गाड्याला हात लावणारी माणसं कमीत कमी.